तक्रार करणारा शासकीय कर्मचारी आणि ‘प्रशासकीय कारणास्तव’ बदली

जमाखर्च

राज्य शासनाच्या लेखा शाखेत ३२ वर्षे काढून मी निवृत्त झालो. मागच्या महिन्यात माझा भाचा मुक्कामाला आला होता. तो एका बांधकाम उपविभागात कनिष्ठ अभियंता आहे आणि त्याच्या नोकरीला अजून दोन वर्षेही झालेली नाहीत. जेवणानंतर त्याने जे सांगितले ते थोडक्यात असे : एका ग्रामीण रस्त्याचे देयक तयार होत आहे, मोजमाप पुस्तिकेत खडीच्या थराची जी जाडी लिहायला सांगितली आहे, ती त्याने स्वतः खड्डे घेऊन मोजलेल्या जाडीपेक्षा बरीच जास्त आहे, आणि ‘काम आधीच्या साहेबांच्या काळातले आहे, तू फक्त नोंद कर’ असे त्याला तोंडी सांगण्यात आले आहे. हे मी कोणाला कळवू, आणि कळवल्यावर माझे काय होईल, असा त्याचा प्रश्न होता.

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर तरी मला देता येईल असे वाटले होते. कागद उघडून बसल्यावर तेही नीट देता येईना, म्हणून हा धागा काढत आहे.

सत्येंद्र दुबे हे नाव अनेकांना आठवत असेल. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावरील या तरुण अभियंत्याने २००२ साली पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून कामातील गैरव्यवहार कळवला आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. पत्र नावासकट पुढच्या कार्यालयांत फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २१ एप्रिल २००४ रोजी केंद्र शासनाने एक ठराव काढून अशा तक्रारी घेण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवले. या ठरावाखालील तक्रार बंद लिफाफ्यात पाठवायची असते, लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचे नाव लिहायचे नसते, आत मात्र नाव व पत्ता द्यावा लागतो, कारण निनावी तक्रार घेतली जात नाही. येथवर सर्व ठीक आहे. परंतु हा ठराव केंद्र शासनाचे कर्मचारी व केंद्राच्या अखत्यारीतील महामंडळे यांच्यापुरता आहे. राज्य शासनाचे कर्मचारी आणि राज्याची कामे त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. म्हणजे माझ्या भाच्याला तो लिफाफा उपयोगाचा नाही.

जागल्या, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणारा माणूस. संसदेने केलेला जागल्या संरक्षण कायदा राज्यांनाही लागू होणार होता. लोकसभेने तो डिसेंबर २०११ मध्ये आणि राज्यसभेने फेब्रुवारी २०१४ मध्ये मंजूर केला, ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि तो अंमलात येण्याची तारीख ठरवणारी अधिसूचना काही निघाली नाही. २०१५ साली एक दुरुस्ती विधेयक आले. माहिती अधिकार कायद्यात माहिती नाकारण्याची जी दहा कारणे आहेत, त्याच धर्तीवर जागल्याने काय उघड करू नये हे त्यात सांगितले होते. ते लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत अडकले आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले. मूळ कायदा मात्र छापील स्वरूपात तसाच पडून आहे.

जाणकारांनी कृपया लिहावे. ‘तडजोड कर’ हा सल्ला त्याला त्याच्या कार्यालयात रोज मिळतो, तेव्हा तो येथे पुन्हा नको.

तिरपा डोळा

भाच्याबद्दल पूर्ण सहानुभूती ठेवून दुसरी बाजू मांडतो. मी १४ वर्षे चौकशी अधिकारी म्हणून विभागीय चौकश्या केल्या आहेत. दोषारोपपत्र हातात पडले की अनेकांना अचानक आपल्या वरिष्ठांचा भ्रष्टाचार दिसू लागतो. आदल्या दिवसापर्यंत ज्याच्या देयकांवर डोळे मिटून सह्या केल्या, त्याच्याविरुद्ध दुसऱ्या दिवशी बारा पानी अर्ज तयार होतो, आणि मग स्वतःची चौकशी म्हणजे सूडाची कारवाई असे म्हणायला हा माणूस मोकळा होतो. अशा अर्जांपायी चांगल्या अधिकाऱ्यांच्या पदोन्नत्या अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. २०१४ च्या कायद्यातही जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि ३०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, तो उगाच नव्हे. संरक्षण जरूर द्यावे, पण ते कोणाला द्यायचे हे आधी ठरले पाहिजे.

टेबल क्रमांक चार

मी आस्थापना शाखेत लिपिक होतो, नंतर अव्वल कारकून झालो आणि आता त्या खुर्चीत नाही, म्हणून लिहू शकतो. चौकशी अधिकाऱ्याकडे प्रकरण पोहोचते ते बांधून, शिवून. ते बांधले कसे जाते ते आमच्या टेबलावर दिसते.

तक्रार वर गेली की ती खाली येते. मंत्रालयातून ती विभागप्रमुखाकडे, तेथून प्रादेशिक कार्यालयाकडे आणि तेथून, बहुतेक वेळा, ज्याच्याविरुद्ध ती केलेली आहे त्याच्याच कार्यालयाकडे ‘स्वयंस्पष्ट अभिप्रायासह अहवाल सादर करावा’ या शेऱ्यानिशी उतरते. यात कोणाचा दुष्ट हेतू असावाच लागत नाही; टपाल पुढे ढकलण्याची ती नेहमीची रीत आहे. अर्जदाराचे नाव खोडून पाठवले तरी फारसा फरक पडत नाही, कारण एखाद्या रस्त्याच्या थराची खरी जाडी उपविभागात तीन माणसांनाच माहीत असेल, तर चौथ्या दिवशी नाव सगळ्यांना ठाऊक होते. केवळ नाव झाकून माणूस वाचेल ही कल्पना मोठ्या कार्यालयांत बसणाऱ्यांनी केलेली आहे.

यानंतर जे घडते त्याला कोणीही सूड म्हणत नाही. प्रथम हजेरीपट तपासला जातो. मग फिरतीच्या दैनंदिन्या मागवल्या जातात आणि कोणत्या तारखेला मुख्यालय पूर्वपरवानगीशिवाय सोडले याची कारणे दाखवा नोटीस निघते. घरबांधणी अग्रिमाचा किंवा वैद्यकीय प्रतिपूर्तीचा प्रस्ताव त्रुटी काढून परत येतो, त्रुटी पूर्ण केल्यावर नवी त्रुटी निघते. वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालात ‘सहकाऱ्यांशी जुळवून घेण्यात कमी पडतात’ असे एक निरुपद्रवी वाक्य येते आणि प्रतवारी एका पायरीने खाली सरकते. पदोन्नती समितीसमोर त्या एका पायरीची किंमत कळते. शेवटी ‘प्रशासकीय कारणास्तव’ बदली, आणि त्याच दिवशी एकतर्फी कार्यमुक्ती, म्हणजे माणूस रजेवर असला तरी त्याचे नाव त्या कार्यालयातून गेलेले असते. अधिकारी मोठा असेल तर त्याला पदच दिले जात नाही. तो सक्तीच्या प्रतीक्षेत घरी बसतो.

या सर्व आदेशांचे मसुदे मी स्वतः केलेले आहेत. एकाही मसुद्यात चुकीचे कलम नव्हते. एकाही नस्तीवर, म्हणजे फाईलवर, त्या मूळ तक्रारीचा उल्लेखही नव्हता, कारण ती नस्ती वेगळ्या कपाटात होती. तिरपा डोळा यांच्यासमोर आलेल्या प्रकरणांतही तारखा शेजारीशेजारी मांडून पाहिल्या असत्या, तर आधी अर्ज की आधी दोषारोपपत्र हे अनेकदा उलटे दिसले असते असे मला वाटते.

तिरपा डोळा

चौकशी अधिकाऱ्याला समोर ठेवलेल्या दोषारोपांपुरतेच पाहता येते. दुसऱ्या कपाटातील नस्ती मागवण्याचा विषय बचाव पक्षाने काढावा लागतो आणि तो बहुधा काढत नाही. परंतु आपला मुद्दा मला टाळता येत नाही.

कलम आणि कागद

मी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, वकिली करतो. टेबल क्रमांक चार यांच्या प्रतिसादातील शेवटच्या परिच्छेदात या विषयाची सगळी अडचण आलेली आहे, तेव्हा तिच्यावरच थोडे विस्ताराने लिहितो.

महाराष्ट्रातील शासकीय कर्मचाऱ्याच्या हाती आज जे सर्वांत उपयोगी हत्यार आहे, ते जागल्यांसाठी केलेलेच नाही. ते म्हणजे बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम, जो १ जुलै २००६ पासून लागू आहे. त्याच्यामागे अण्णा हजारे यांची आंदोलने होती, हे येथील जुन्या सभासदांना आठवेल. या कायद्यानुसार एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा असतो आणि बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात करायच्या असतात. त्याआधी किंवा मध्येच बदली करायची असेल, तर कलम ४ च्या पोटकलम ४ व ५ प्रमाणे विशेष कारणे लेखी नोंदवून वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. शिवाय माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी दिलेल्या निकालानंतर बदल्यांचे प्रस्ताव वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नागरी सेवा मंडळापुढे ठेवण्याची पद्धत आली. ‘प्रशासकीय कारणास्तव’ हे दोन शब्द म्हणजे विशेष कारण नव्हे, असे म्हणत मॅटने मुदतपूर्व बदल्यांचे आदेश अनेकदा रद्द केले आहेत.

मग अडचण कोठे आहे? अशी प्रकरणे आम्ही जिंकतो ती कार्यपद्धती मोडल्याच्या मुद्द्यावर. मान्यता योग्य प्राधिकाऱ्याची नव्हती, कारण नोंदवलेले नव्हते, मंडळाची बैठकच झालेली नव्हती, असे मुद्दे पुरेसे ठरतात. दुर्हेतूचा आरोप आम्ही शक्यतो करत नाही, कारण तो करायचा तर संबंधित अधिकाऱ्याला किंवा मंत्र्याला नावानिशी प्रतिवादी करावे लागते आणि हेतू सिद्ध करण्याचा सगळा भार अर्जदारावर येतो. परिणामी कर्मचारी आपल्या खुर्चीवर परत येतो, पण त्याच्यावर सूड उगवला गेला ही गोष्ट निकालपत्रात कोठेही येत नाही. पुढच्या मे महिन्यात त्याची तीन वर्षे भरलेली असली, तर निर्दोष कार्यपद्धतीने दुसरा आदेश निघतो आणि त्याला आव्हान देण्यासारखे आमच्याकडे काही उरत नाही.

अंमलात न आलेल्या कायद्याची किंमत येथे कळते. २०१४ च्या कायद्याच्या ११ व्या कलमात तक्रारदाराला त्रास होत असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची सोय आहे, आणि केलेली कारवाई सूडाची नाही हे सिद्ध करण्याचा भार कार्यालयावर टाकलेला आहे. कर्मचाऱ्याला पूर्वीच्या स्थितीत परत बसवण्याचा आदेश देण्याचा अधिकारही तेथे आहे. त्या कायद्यात उणिवा आहेत. छळ म्हणजे काय याची व्याख्याच केलेली नाही आणि निनावी तक्रारीला जागा नाही. तरीही सिद्धतेचा भार पलीकडे टाकणारी ती एक ओळ लागू झाली असती, तर टेबल क्रमांक चार यांनी सांगितलेली दोन वेगवेगळी कपाटे एकाच सुनावणीत उघडावी लागली असती.

निलंबनाबद्दल थोडक्यात. अजयकुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही, आणि राज्य शासनाने त्याला अनुसरून ९ जुलै २०१९ रोजी शासन निर्णय काढला. निलंबनकाळात पहिले तीन महिने अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो, नंतर तो दीडपटीपर्यंत वाढवता येतो. विलंबाला कर्मचारी स्वतः जबाबदार आहे असे ठरवून तो कमीही करता येतो, हे विसरू नये.

एक सूचना : मॅटचा दरवाजा शासकीय कर्मचाऱ्यांसाठी आहे. जिल्हा परिषद किंवा महानगरपालिकेचा कर्मचारी असेल तर त्याला वेगळ्या वाटेने, अखेरीस उच्च न्यायालयात, जावे लागते आणि ती वाट अधिक खर्चिक आहे.

पाटावरचा माणूस

मूळ लेखात सत्येंद्र दुबे यांच्याविषयी जे लिहिले आहे त्यात एक भर घालणे आवश्यक आहे. सीबीआयच्या तपासात तो खून लुटीच्या प्रयत्नात झाल्याचे म्हटले गेले आणि २०१० साली पाटण्याच्या न्यायालयाने तिघांना दोषी ठरवले. तो निष्कर्ष अनेकांना पटलेला नाही. पण खुनाचे कारण काहीही धरले, तरी नाव गुप्त ठेवण्याची विनंती करणाऱ्या माणसाचे नाव फुटले, हे तर निर्विवाद आहे, आणि ती चूक कळण्यासाठी कोणत्याही तपासाची गरज नव्हती.

आमच्या जलसंपदा खात्यात विजय पांढरे यांचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. नाशिकला मुख्य अभियंता असताना २०१२ साली त्यांनी राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना सिंचन प्रकल्पांच्या फुगवलेल्या खर्चाबद्दल आणि निकृष्ट कामांबद्दल सविस्तर पत्र लिहिले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरमध्ये सिंचनाची श्वेतपत्रिका आली आणि डिसेंबरमध्ये उपमुख्यमंत्री पुन्हा पदावर आले. पांढरे यांनी स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग धरला. माझ्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची बाब ही की हे पत्र मुख्य अभियंत्याचे होते, ज्याच्या सेवेची थोडीच वर्षे शिल्लक होती आणि ज्याचा तांत्रिक अधिकार कोणी नाकारू शकत नव्हते. तेच आकडे आमच्यासारख्या शाखा अभियंत्यांना दहा वर्षे दिसत होते. आम्ही बोललो नाही, आणि का बोललो नाही याचे उत्तर वरच्या प्रतिसादांत आलेलेच आहे.

त्याआधीच्या पिढीत गो. रा. खैरनार होते. मुंबई महापालिकेच्या या उपायुक्तांनी उघडपणे राजकीय आरोप केले, १९९४ मध्ये ते निलंबित झाले आणि परत रुजू व्हायला २००० साल उजाडले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तर २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधन भेसळीच्या ठिकाणी भर दिवसा जाळून मारले. ते तक्रारदार नव्हते, आपले नेमून दिलेले कामच करत होते. परंतु त्या घटनेनंतर आमच्या कार्यालयात ‘उगाच कशाला’ हे शब्द किती सहज उच्चारले जाऊ लागले ते मी ऐकले आहे.

हरियाणाचे सनदी अधिकारी अशोक खेमका ३४ वर्षांच्या सेवेत ५७ बदल्या झेलून एप्रिल २०२५ मध्ये निवृत्त झाले. हा आकडा लोक कौतुकाने सांगतात. मला तो एका यंत्रणेचा हिशेब वाटतो : सरासरी सात-आठ महिन्यांना एक आदेश, आणि प्रत्येक आदेश वरवर कायदेशीर.

यॉर्कशायरकर

मी इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या एका ट्रस्टमध्ये काम करतो. येथे सर्व आलबेल आहे असे मुळीच नाही, तक्रार करणाऱ्या डॉक्टरांची आयुष्ये येथेही उद्ध्वस्त झालेली आहेत. परंतु तिरपा डोळा यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे येथील कायद्याने दिलेले उत्तर सांगण्यासारखे आहे.

१९९८ च्या कायद्यात तक्रार सद्भावनेने केलेली असली पाहिजे अशी अट होती. त्यामुळे न्यायाधिकरणात वेळ जायचा तो तक्रारदाराच्या मनात काय होते हे उकरण्यात. २०१३ मध्ये ती अट काढून टाकली. आता पाहिले जाते ते एवढेच की सांगितलेली गोष्ट सार्वजनिक हिताची आहे असे त्या माणसाला वाटत होते का आणि तसे वाटणे वाजवी होते का. त्याचा हेतू वाईट ठरला तर नुकसानभरपाई २५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, संरक्षण मात्र जात नाही. मला हा विचार व्यवहारी वाटतो. खडीचा थर कमी असेल तर तो रागावलेल्या माणसाने मोजला तरी कमीच भरणार.

दुसरी गोष्ट वेळेची. तक्रार केल्यामुळे नोकरीवरून काढले असे म्हणणाऱ्याला सात दिवसांच्या आत अंतरिम दिलासा मागता येतो आणि न्यायाधिकरणाला तो पटला तर अंतिम निकालापर्यंत पगार चालू राहतो. हा दिलासा फार थोड्यांना मिळतो, कारण सात दिवसांत वकील गाठून पुरावा मांडणे कठीण असते. त्रास दिल्याच्या प्रकरणात अमुक कृती कोणत्या कारणाने केली हे मालकाने दाखवायचे असते. आरोग्यसेवेतील तक्रारदारांविषयीच्या २०१५ च्या फ्रान्सिस अहवालानंतर प्रत्येक ट्रस्टमध्ये तक्रारदारांसाठी एक स्वतंत्र पालक नेमला गेला; आमच्या येथील त्या बाई अत्यंत प्रामाणिक होत्या, पण त्यांचा पगारही त्याच ट्रस्टकडून येत असे, हे कोणी विसरत नसे.

तिरपा डोळा

हेतू बाजूला ठेवून मजकूर तपासावा, हे मला मान्य आहे. माझ्या चौकश्यांमध्ये अर्जदार कोण आहे यावर जेवढे कागद खर्च झाले, तेवढे अर्जात काय आहे यावर झाले नाहीत, हे आता मागे वळून पाहताना दिसते. एक सुचवतो. भाच्याने तक्रार या शब्दापासून दूर राहावे. मोजमाप नोंदवणे हे त्याचे कर्तव्य आहे, तेव्हा त्याने जे मोजले तेच लेखी कळवावे आणि संयुक्त मोजणीची मागणी करावी. वर्तणूक नियमांखाली त्याच्यावर बोट ठेवण्यास त्यामुळे जागा उरत नाही. वृत्तपत्राकडे गेला असता तर ती आयती मिळाली असती.

कलम आणि कागद

पूर्ण सहमत. आणि तोंडी सूचनेचे कागदात रूपांतर करावे. ‘आज सकाळी आपण दिलेल्या तोंडी निर्देशानुसार अमुक नोंद घ्यावयाची आहे, तथापि प्रत्यक्ष मोजमाप खालीलप्रमाणे असल्याने लेखी मार्गदर्शन व्हावे’ एवढे पुरते. सुब्रमणियन निकालात तोंडी आदेशांची लेखी नोंद ठेवण्याबद्दल स्पष्टपणे सांगितलेले आहे. पत्राला जावक क्रमांक हवा आणि दुय्यम प्रतीवर आवक शिक्क्यासह पोहोच हवी. आवक लिपिक शिक्का देत नसेल तर तेच पत्र नोंदणीकृत डाकेने पाठवावे. हे सर्व वरवर किरकोळ दिसते. परंतु आधी पत्र आणि नंतर बदली हा क्रम दाखवणारा दुसरा कोणताही पुरावा त्याच्याकडे असणार नाही.

टेबल क्रमांक चार

शिवाय आपल्या सेवापुस्तकाची आणि आतापर्यंतच्या कार्यमूल्यमापन अहवालांची प्रत त्याने आजच, वातावरण शांत असताना, मागून ठेवावी. देव दत्त प्रकरणातील २००८ च्या निकालापासून अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. पत्र दिल्यानंतर मागितली तर ती मागणीही त्याच्याविरुद्ध मोजली जाईल. मागचे अहवाल चांगले असले की पुढचा अचानक का घसरला याचे उत्तर लिहिणाऱ्याला द्यावे लागते.

जमाखर्च

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपले प्रतिसाद छापून मी भाच्याला दिले होते. दरम्यान दीड महिना गेला, म्हणून काय झाले ते कळवतो.

आधी एक अवांतर. जागल्या हा शब्द आपण सहज वापरतो. गावगाड्यात रात्रीची राखण करणारा जागल्या हा गावाचा वतनदार असे. चोरी झाली तर माग काढणे त्याच्याकडे असे आणि त्याच्या पोटाची सोय गावाने इनाम जमिनीतून किंवा धान्यातून केलेली असे. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती आणि ती गेली हे चांगलेच झाले. परंतु आरडाओरडा करणाऱ्याला पोसण्याची जबाबदारी ज्यांच्यासाठी तो ओरडतो त्यांची आहे, एवढे तरी त्या गावाला समजत होते. आपण शब्द घेतला, वतन घेतले नाही.

भाच्याने नोंद केली नाही. कलम आणि कागद यांनी दिलेल्या मजकुराचे पत्र त्याने उपअभियंत्यांना दिले, सोबत सहा ठिकाणच्या खड्ड्यांची मोजमापे आणि छायाचित्रे जोडली, संयुक्त मोजणी मागितली आणि एक प्रत दक्षता व गुणनियंत्रण मंडळाला पाठवली. आवक शिक्का मिळाला नाही, म्हणून डाकेने पाठवले. पावती माझ्याकडे आहे. आठवडाभर काहीच झाले नाही. मग हजेरीपट मागवला गेला. टेबल क्रमांक चार यांनी सांगितलेला क्रम इतका तंतोतंत निघाला की त्याला त्या काळजीतही हसू आले.

बदलीचा आदेश परवा आला. ऑगस्ट महिना, त्या पदावर दोन वर्षेही झालेली नाहीत, ठिकाण जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कारण ‘प्रशासकीय’.

कलम आणि कागद

आदेशाची आणि कार्यमुक्तीच्या पत्राची प्रत मला व्यक्तिगत निरोपाने पाठवावी. नागरी सेवा मंडळाच्या बैठकीचे कार्यवृत्त आणि पूर्वमान्यतेची टिपणी यांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज लगेच टाकावा, मात्र त्याच्या उत्तरासाठी थांबू नये. मॅट मूळ नस्ती मागवू शकते. कायद्याने एक वर्षाची मुदत दिलेली असली तरी बदलीच्या प्रकरणात पहिला आठवडाच महत्त्वाचा, कारण त्याच्या जागी दुसरा माणूस रुजू झाला की स्थगिती मिळणे अवघड होते. आणि या वेळी पत्र व बदली यांच्या तारखा अर्जाच्या पहिल्याच पानावर शेजारीशेजारी मांडू. दुर्हेतूचा मुद्दा घ्यायचा की नाही, ते नस्ती पाहून ठरवू.

जमाखर्च

कागद पाठवले आहेत. वकालतनाम्यावर त्याने आज सकाळी सही केली.

एक गोष्ट सांगायची राहिली. नवा अभियंता आदेश आला त्याच दुपारी हजर झाला आणि भाच्याला कार्यभार सोपवावा लागला. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत पुस्तके, उपकरणे आणि चाव्या यांच्याखाली त्याने मोजमाप पुस्तिकेचा क्रमांक लिहिला आणि त्यापुढे लिहिले की संबंधित कामाच्या खडीच्या थराची नोंद घेतलेली नाही, प्रत्यक्ष मोजमापांचा तक्ता सोबत जोडला आहे. नव्या अभियंत्याने ती ओळ दोनदा वाचली, तक्ता उलगडून पाहिला, थोडा वेळ काहीच बोलला नाही आणि मग सही करून, खाली तारखेबरोबर वेळही लिहिली.